उपवासाचं लेकरू

आमच्या घरी दुधाला कधी तोटा नव्हता. जिंतूरच्या रस्त्यावर, बोरी गावाच्या अलीकडं ओढ्याकाठी आमचं गाव, आणि गावात शेळ्या-मेंढ्यांचा सगळ्यांत मोठा कळप आमच्या बाचा. घरी पाहुणा आला तर पाण्याच्या मागोमाग दुधाचा तांब्या पुढं यायचा. मी त्या घरातला पहिला शिकलेला. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलो. ते राज्य गेलं, गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि मला माझ्याच गावात मास्तरकी मिळाली. रात्री स्वतः मराठी जोडाक्षरं गिरवायची आणि सकाळी तीच पोरांना शिकवायची, अशी ती सुरुवातीची वर्षं. लग्न त्याआधीच झालेलं होतं. बायको वालूरकडची, आमच्यासारख्याच मेंढरं राखणाऱ्या घरातली.

आमचं पहिलं लेकरू मुलगा होता. अंगावर पीत होता तोवर फारसं काही जाणवलं नाही. थोडा सुस्त वाटायचा, पण शांत लेकरू म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं. मग शेळीचं दूध आणि वरणाचं पाणी सुरू केलं. तो ओकायला लागला, झोप वाढली, हलवलं तरी डोळे उघडेना. एके सकाळी उठलाच नाही. कुणी दृष्ट म्हटली, कुणी ओढ्यातल्या साती आसरांचं नाव घेतलं. आम्ही दोघं नुकतीच विशी ओलांडलेले. जो जे म्हणेल ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. तिच्या उष्टावणाला वालूरहून तिचा मामा आला. चांदीचा रुपया खिरीत बुडवून त्यानं तिला चाटवला. तिनं तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. त्या दिवसापासून माझ्या मायनं तिला रोज वाटीभर शेळीचं दूध पाजायला घेतलं. आठवडा गेला नसेल, एका दुपारी मी शाळेतून घरी आलो तर बायको लेकराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. लेकराची मान लोंबत होती. बायको रडत नव्हती. नुसती म्हणाली, "तसंच व्हायलंय."

गाडी जुंपून आम्ही तिला जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, नवाच आलेला. त्यानं पोटाला विसावा म्हणून दूध बंद केलं आणि नुसतं साखरेचं पाणी द्यायला लावलं. तिसऱ्या दिवशी मुलीनं डोळे उघडले. आम्ही आनंदानं घरी आलो, तिचं अंग भरावं म्हणून दूध दिलं, आणि ती पुन्हा तशीच झाली. पुन्हा जिंतूर, पुन्हा साखरेचं पाणी, पुन्हा ती जागी. तेव्हा त्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं की पहिल्या मुलाला काय काय पाजत होता. मी सांगितलं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला की हे माझ्या आवाक्यातलं नाही, हैदराबादला घेऊन जा.

परभणीहून रेल्वेनं आम्ही हैदराबादला गेलो. दवाखाना एवढा मोठा की बायकोनं माझा सदरा धरून ठेवला होता. तिथं मुलीला ठेवून घेतलं. रक्त काढलं, लघवी तपासली, एक दिवस दूध देऊन पाहिलं आणि एक दिवस बंद करून. तिथले मोठे डॉक्टर वयस्कर होते, आवाज मऊ. मला उर्दू येतं हे कळल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसून सगळं समजावलं. दुधात, डाळीत, अंड्यात, मटणात अंग बांधणारा एक पदार्थ असतो. तो खाल्ल्यावर शरीरात जो कचरा उरतो तो आपल्या अंगातून निघून जातो. या मुलीच्या अंगातून तो निघत नाही, साठतो आणि डोक्याला चढतो. म्हणून ती झोपते. ज्यानं इतर लेकरं वाढतात त्यानंच ही मरेल.

मी आजाराचं नाव विचारलं.

"मास्टर, नाम मालूम होता तो मैं बता देता," ते म्हणाले.

विलायतेत अशी काही लेकरं आढळलीत एवढं त्यांच्या वाचनात होतं. औषध नव्हतं. जे होतं ते पथ्य, आणि तेही दोन्ही बाजूंनी धार असलेलं. अंग बांधणारं अन्न अगदीच बंद केलं तर ती वाढणार नाही, आणि चमचाभर जास्त झालं तर झोपेल. भाताची पेज, साबुदाणा, तवकीर, साखर, तूप, केळं, रताळं हे द्यायचं. दूध औषधासारखं, अगदी थोडं, पाणी घालून. डाळ नाही, ज्वारीसुद्धा नाहीच म्हटलं तरी चालेल. आणि ताप येऊ द्यायचा नाही, कारण तापात तिचं स्वतःचंच मांस विरघळेल आणि तेही तिला दुधासारखंच बाधेल. ताप येऊ द्यायचा नाही हे सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हे पथ्य किती दिवस पाळायचं असं मी विचारलं. "जब तक है," ते म्हणाले. पथ्याबद्दल म्हणाले की मुलीबद्दल, ते मी विचारलं नाही.

हे सगळं उर्दूत चाललं होतं तेव्हा बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. परतीच्या गाडीत मी तिला तुकड्यातुकड्यानं सांगत गेलो. शेळीचं दूध बंद, हे तिनं लगेच मान्य केलं. डाळ, भाकरी, सगळ्याला ती मान हलवत राहिली. मग तिनं विचारलं, "माझंबी?"

आईचं दूध सगळ्यांत सौम्य, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पोटभर नको, आणि अंगावर पिताना ते मोजता येत नाही, म्हणून अंगावर पाजायचं नाही. पिळून, वाटीत घेऊन, मापानं. मी सांगितलं. तिनं खिडकीकडं तोंड केलं, पदर ओढला आणि मुलीला छातीशी घेतलं. परभणी येईपर्यंत तिनं तिला सोडलं नाही. 

अंगावरचं तोडायला आमच्याकडं बाया कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. बायकोनं तो लावला. मुलगी कडू चाटायची, शहारायची, आणि तरी प्यायला बघायची. मग मायनं ठरवलं की आईनं तिच्या दृष्टीसच पडायचं नाही. आईचा वास आला की पोरगी वेडी व्हायची. म्हणून मुलीला भरवायचं काम माझ्याकडं आलं. मायच्या हाताला कायम धारेचा वास असायचा आणि बाला लेकराचं रडणं सोसत नव्हतं. सकाळी शाळेआधी, मधल्या सुट्टीत धावत येऊन, मग संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन बोंडल्यानं पेज पाजायचो. पितळेचं ते बोंडलं, त्याची निमुळती चोच तिच्या ओठांत धरायची आणि थेंब थेंब सोडायचा. ती जिभेनं बाहेर ढकलायची. निम्मं माझ्या धोतरावर सांडायचं. पुरुष माणूस लेकराला पाजतोय हे बघायला पोरं कुंपणाशी जमायची. पारावर मला दाई म्हणायला लागले होते. म्हणू दे, असं मला वाटायचं. त्यात वाईट वाटण्याइतकी जागा तेव्हा मनात उरलेली नव्हती.

बायको मागच्या भिंतीआड बसलेली असायची. आत मुलगी रडायची आणि बाहेर तिची चोळी भिजायची. ती दूध पिळून वाटी मायकडं द्यायची, माय त्यातलं ठरल्याएवढं बोंडल्यात घालायची आणि उरलेलं तुळशीत ओतायची. एकदा बायको भिंतीआडूनच म्हणाली, "रडायलीय ती. ऐकू येत न्हाई का तुमाला?" मी म्हटलं, येतंय. 

लेकरू अंगावर नसलं की दूध किती दिवस टिकणार. ते आटलं त्या दिवशी तिनं मला सांगितलं नाही. वाटी नुसती पालथी करून ठेवली. त्यानंतर मुलगी तिला पाहून रडेनाशी झाली आणि बायको घरात वावरायला लागली. आमचं लेकरू तुटलं ते असं.

आमच्या भागात भात सणासुदीला. रोजची ज्वारीची भाकर, तिच्यावर कोरड्यास. त्यामुळं तांदूळ आणि साबुदाणा मी जिंतूरहून आणायचो. दुकानदार ओळखीचा झाला होता. एकदा त्यानं हसत विचारलं, "मास्तर, तुमच्या घरी एकादशी संपतच न्हाई का?" मी घरी येऊन सांगितलं तेव्हा माय म्हणाली, उपवासाचंच लेकरू दिलंय देवानं. तेव्हापासून गावात तिला तेच नाव पडलं.

ती वाढत होती, पण कशी वाढत होती ते सांगणं अवघड आहे. केस विरळ, हात काड्यांसारखे, पोट तेवढं पुढं आलेलं. वर्षाची झाली तरी बसत नव्हती. तिच्या बरोबरीची लेकरं अंगणात धावायला लागली तेव्हा ती रांगायला शिकली. पण रांगायला लागली याचा आम्हाला एवढा आनंद झाला की मायनं गूळ वाटला.

त्या रांगण्यानंच पुढचं झालं. अंगणात शेळ्या बांधलेल्या असायच्या. करडं आचळाला लागलेली ती रोज बघत होती. एका दुपारी बा बाजेवर पडला होता. ती रांगत एका शेळीखाली गेली आणि करडाच्या शेजारी तोंड लावून प्यायला लागली. शेळीही गरीब, हलली नाही. बानं ते पाहिलं आणि तो हसला. धनगराच्या लेकरानं शेळीला तोंड लावावं यात हसण्यासारखंच होतं. तो स्वतः तसाच वाढला होता. मग त्याला आठवलं. त्यानं तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं आणि ती कधी नव्हे ती हसत होती. ते त्यानं मला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ती कधी नव्हे ती हसायली होती, म्हणाला.

दोन दिवस ती झोपून राहिली. साखरेच्या पाण्यावर परत जागी झाली, पण त्या झोपेतून तिचं काहीतरी आतच राहून गेलं. पुढं बरेच दिवस ती रांगली नाही.

बानं कुणाशी सल्लामसलत केली नाही. ती जागी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं घोंगडं घेतलं, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी गाढवावर लादली आणि सगळा कळप घेऊन निघाला. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्यांनी ज्वारी द्यायची, असं आमच्याकडं सुगीनंतर चालतंच. पण बा आता सुगी असो नसो बाहेरच राहायला लागला. कधीतरी बाजाराच्या दिवशी यायचा. आधी ओढ्यावर हात-तोंड राखेनं घासून धुवायचा आणि मगच नातीजवळ बसायचा. ती त्याला ओळखायची नाही. तो बसायचा, उठायचा आणि अंधार पडायच्या आत परत जायचा. आमच्या अंगणात लेंड्या दिसेनाशा झाल्या. मुलीच्या पथ्याचं चमचाभर दूध माय शेजारून आणायची, बाकी घरात चहासुद्धा कोरा. दुधाचं घर होतं ते, आणि दुधाचा वास आला तर आम्ही दचकत होतो.

गाव काय म्हणतं ते आमच्यापर्यंत उशिरा पोहोचलं. ते बायकोच्या भावानं सांगितलं. उष्टावणाला आलेला तोच. दिवाळीला बहिणीला न्यायला आला, भाचीला पाहिलं आणि अंगणातच थांबला. शेजारपाजारचे दोघं-तिघं तिथं होते. त्यांच्यादेखत तो मला म्हणाला, "पोरगी हाय म्हनून उपाशी मारायलाव का? पोरगा असता तर पाजलं असतं का न्हाई?"

शेजारी खाली बघत होते. तेव्हा मला कळलं की हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही. मी हैदराबादचं सांगायला लागलो. तो ऐकत नव्हता. तेवढ्यात बायको चुलीपासून उठून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"दादा, ते न्हाई मारायले," ती म्हणाली. "मीच मारायलेय. मला इचार."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग टोपी सारखी करून जेवण न करता निघून गेला. बायकोनं उरलेल्या भाकरी थापल्या. त्या दिवाळीला ती माहेरी गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मनात शंका माझ्याही होतीच. सहा महिन्यांनी परत या असं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मध्ये राज्यं बदलली, मराठवाडा मुंबईकडं आला, हैदराबाद परक्या राज्यात गेलं. उशिरा का होईना, आम्ही गेलो. ते डॉक्टर आता तिथं नव्हते. कुठं गेले ते कुणाला सांगता येईना. त्यांच्या जागी दुसरे होते, घाईत असलेले. त्यांनी मुलीचे दंड चिमटीत धरून पाहिले, पोट दाबलं आणि मला रागावले. लेकरू अशक्त आहे, एवढंही तुम्हाला दिसत नाही का, दूध पाजा, अंडं द्या. मी पहिल्या डॉक्टरांचं सांगितलं. आजाराचं नाव काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडं नाव नव्हतं.

बाहेरच्या झाडाखाली आम्ही दोघं बसलो. एक डॉक्टर म्हणतो दूध विष आहे, दुसरा म्हणतो दूध पाजा. बायकोला विचारलं, काय करायचं. ती म्हणाली की दुधानं काय होतं ते तिनं स्वतः पाहिलंय, तिला कुणी सांगायची गरज नाही. आम्ही परत आलो. पथ्य तसंच चालू ठेवलं. पण त्या दिवसानंतर मी बोंडलं तिच्या ओठाला लावायचो तेव्हा माझी नजर आधी तिच्या दंडांवर जायची. मी तिला वाचवतोय की मारतोय हे मला खरंच सांगता आलं नसतं.

आमच्यापैकी कुणी चोरून तिला काही दिलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी तेही म्हटलं. मायनं नाही दिलं, शेजाऱ्यांनी नाही दिलं. माय तर सणाच्या दिवशीही तिच्यासमोर जेवायला बसायची नाही. जेवढं माणसाच्या हातात होतं तेवढं सगळं नीट झालं होतं.

मग गावात गोवराची साथ आली. घरोघरी लेकरं तापली आणि आठ-दहा दिवसांत बरी होऊन पुन्हा धुळीत खेळायला लागली. आम्ही दार लावून घेतलं होतं. मी शाळेतून आलो की विहिरीवर आंघोळ करून घरात पाऊल टाकायचो. तरी एका संध्याकाळी तिच्या कानामागं पुरळ दिसलं. अंग चटके बसण्याएवढं तापलं. मायनं निंबाचा पाला उशाशी ठेवला. मी साखरेचं पाणी पाजत राहिलो, ते बाहेर येत राहिलं. तिच्या पोटात काहीच जात नव्हतं, आणि तरी तिची झोप वाढत चालली होती. मला हैदराबादच्या डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. पथ्य आता तिच्या अंगाच्या आतच मोडत होतं.

दिवस उजाडताच बोरीला जाऊन मोटार धरली आणि जिंतूर गाठलं. डॉक्टर तोच होता. त्यानं सुई लावून साखरेची बाटली चढवली, ताप उतरवायला थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, रात्रभर तोही तिथंच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सुई काढली. मला वाटलं बरी वाटतेय म्हणून काढली.

"आता पथ्य राहू द्या, मास्तर," तो म्हणाला. "आईजवळ द्या तिला."

दवाखान्याच्या ओसरीवर बायको भिंतीला टेकून बसली. मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पदर घेतला, चोळीची गाठ सोडली आणि तिचं तोंड छातीशी धरलं. दूध केव्हाच आटलेलं होतं हे तिलाही माहीत होतं. मुलीचे ओठ तिथं टेकले आणि तसेच उघडे राहिले. बायकोनं बोटानं तिचा गाल हलवला, लहान बाळाला सवय लावताना हलवतात तसा. ओठ हलले नाहीत. बऱ्याच वेळानं बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "इसरली ती."

ऊन ओसरीच्या पायऱ्यांवर आलं होतं तेव्हा मुलगी गेली.

तिला आम्ही गावी ओढ्याच्या वरच्या अंगाला, तिच्या भावाशेजारी पुरलं. बाला निरोप मिळायला उशीर झाला. तो कळपासकट आला. संध्याकाळी अंगणात पुन्हा शेळ्या बांधल्या गेल्या, धारा काढाव्याच लागल्या, कारण त्यांचे आचळ तटतटले होते. मायनं ते दूध तापवलं. भेटायला आलेल्या माणसांना चहा झाला. जो तो म्हणत होता की सुटली बिचारी. ते खोटं नव्हतं, म्हणून त्याचा राग यायचा.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे आम्हाला आणखी एक मुलगा झाला. त्याच्या उष्टावणाला आम्ही कुणाला बोलावलं नाही. बायकोनं स्वतः चमचाभर वरणाचं पाणी त्याच्या तोंडात घातलं आणि त्याच्यासमोर बसून राहिली. त्याला काही झालं नाही. दूध, डाळ, भाकर, सगळं त्याला पचलं. आम्ही सुटलो असं म्हणायला हरकत नव्हती. पण तो दुपारी झोपला की बायको त्याच्या पायाला हळूच चिमटा काढायची. डोळे उघडून तो रडला की तिला बरं वाटायचं. ती कामात असली की मी उठवायचो. माय रागवायची, झोपू द्या की त्या लेकराला. थोडा वेळ आम्ही ऐकायचो.

आता तो मोठा झालाय, त्याला लेकरं आहेत. त्याला झोप नीट लागत नाही, जराशा आवाजानं जागा होतो, अशी सूनबाई कधीमधी तक्रार करते. तो झोपला असला की बायको आता नातवंडांना बाहेर अंगणात घेऊन बसते.